खेकड्यातून आलेला खोकला

मणिपूरची पोस्टिंग निघाली तेव्हा आमच्या सुभेदार साहेबांनी एकच सल्ला दिला होता, "तिकडं मच्छर आणि पाणी, दोन्हींपासून सांभाळून राहा रे." खेकड्याविषयी ते काही बोलले नव्हते.

आमची पोस्ट डोंगरात होती. खाली ओढा. पाऊस ओसरल्यावर एका रविवारी पाटणकडचे दोन जवान ओढ्यात उतरले आणि बादलीभर खेकडे घेऊन वर आले. अगदी आपल्या मुठ्यांसारखे. गावाकडची आठवण झाली. एकाने लगेच नांग्या आणि पाय दगडावर ठेचायला घेतले. रस गाळून रश्श्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. तेवढ्यात एमआय रूमचा नर्सिंग असिस्टंट धावत आला. "हात धुवा आधी! साबणानं! आणि तो दगड उकळत्या पाण्यानं धुवा." आम्ही हसलो. तो हसला नाही.

संध्याकाळी त्याने सांगितलं. आमच्यासाठी रसद वाहणाऱ्या पोर्टरांपैकी एकाला कित्येक महिने खोकला होता. थुंकी तांबूस, कधी रक्ताची. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग. टीबी ठरला, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या खाऊनही खोकला तसाच. घरात त्याचं ताट वेगळं झालं, लहान पोरीला जवळ येऊ देईनात. पण हा माणूस पाठीवर ओझं घेऊन चढ चढायचा, पोटभर जेवायचा, वजनही फारसं घटलं नव्हतं. इथंच एका डॉक्टरांना शंका आली. त्यांनी विचारलं, "खेकडे कच्चे खातोस का?" मग थुंकी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली गेली. त्यात अंडी दिसली. तीन दिवसांच्या गोळ्यांनी माणूस बरा झाला. टीबी त्याला कधी झालाच नव्हता.

त्या किड्याचं नाव पॅरागोनिमस. फुप्फुसात राहणारा चपटा कृमी. सुट्टीत मी त्याच्याविषयी वाचत गेलो आणि गोष्ट थेट वाघापर्यंत पोचली.

१८७८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका बंगाली वाघाच्या फुप्फुसात केर्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाला हा कृमी सापडला. प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते वेस्टरमन. त्यांच्यावरून कृमीला वेस्टरमनी हे नाव मिळालं. म्हणजे शास्त्राला या किड्याची ओळख झाली ती आपल्याकडच्या वाघामुळे. वाघाला तो कसा झाला असेल? खेकडा खाऊन होतोच, शिवाय खेकडे खाणाऱ्या रानडुकराच्या मांसातही या कृमीची पिल्लं दडून राहतात.

माणसात तो सापडला तैवानमध्ये. १८७९ साली तामसुई बंदरात डॉ. रिंगर यांनी एका पोर्तुगीज माणसाचं शवविच्छेदन केलं, तेव्हा फुप्फुसातून कृमी बाहेर आला. पुढच्याच वर्षी चीनच्या अमॉय बंदरातल्या डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना एका चिनी रुग्णाच्या तांबूस थुंकीत त्याची अंडी दिसली. हेच ते मॅन्सन, ज्यांनी पुढे रोनाल्ड रॉसला मच्छरांच्या मागे लावलं. रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला लष्करी डॉक्टर. १८९७ साली सिकंदराबादेत त्याला मच्छराच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला.

अंडी थुंकीतून बाहेर पडतात हे कळलं, पण ती माणसात शिरतात कुठून हे कळायला आणखी तीसेक वर्षं गेली. तैवानमध्ये काम करणाऱ्या नाकागावा या जपानी डॉक्टरांनी गोड्या पाण्यातल्या खेकड्यात या कृमीची पिल्लं दाखवली. मग साखळी जुळली. थुंकीतली किंवा विष्ठेतली अंडी ओढ्यात जातात, तिथं पिल्लू गोगलगाईत शिरतं, तिथून खेकड्यात. खेकडा कच्चा खाल्ला की ते आतडं भेदून, पडदा ओलांडून फुप्फुसात जाऊन बसतं. क्वचित वाट चुकून मेंदूत जातं आणि माणसाला फिट येऊ लागतात.

कच्च्या माशातून होणारा पट्टकृमी याचा लांबचा भाऊबंद. फिनलंडच्या तळ्यांकाठी एके काळी तो घरोघरी होता. आतड्यात कित्येक मीटर वाढतो, बी-१२ जीवनसत्त्व पळवतो आणि काहींना पांडुरोग करतो. पण त्याला निदान टीबी समजून कोणी ताट वेगळं करत नाही.

आपल्या देशात हा आजार खऱ्या अर्थाने उजेडात आला तो १९८०च्या दशकात, मणिपूरमध्येच. १९८६ साली तिथल्या डॉक्टरांनी ३९ रुग्णांची माहिती छापली. पुढे नागालँड आणि अरुणाचलमध्येही रुग्ण सापडले. मणिपूरमधला कृमी मुख्यतः वाघातल्या जातीचा नसून हेटेरोट्रेमस नावाच्या त्याच्या भाऊबंदाचा आहे, हेही नंतर कळलं. लोक पिढ्यान्‌पिढ्या खेकडा खात होते, खोकतही होते. पण टीबीचे जंतू शोधणारा डोळा अंडी शोधत नाही. मॅन्सनला १८८० साली जे थुंकीत दिसलं, ते आपल्याकडे दिसायला शंभर वर्षं लागली.

यात कोणाला हसण्यासारखं काही नाही. कोरियात गोवराच्या पोराला कच्च्या क्रेफिशचा रस औषध म्हणून पाजत. आपण तर रस उकळतो, पण ठेचताना उडालेला थेंब, न धुतलेला हात, त्याच पाट्यावर चिरलेला कांदा? जपानमध्ये लोकांना लागण झाली ती अशा भांड्यांमधूनही. मीठ, मसाला, लिंबू, रम, यातल्या कशावरही भरवसा ठेवू नये. खेकडा नीट उकळला की मात्र काम फत्ते.

त्या रविवारी रस्सा झाला. नर्सिंग असिस्टंट पातेल्याशेजारी उभा राहिला आणि चांगली उकळी फुटेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. पहिली वाटी आम्ही त्यालाच दिली. तो पोर्टर पुढच्या महिन्यात रसद घेऊन आला तेव्हा पोरगी त्याच्यासोबत होती, बापाचं बोट धरून.