नवखा क्वार्टरबॅक आणि बाद फेरीचे दडपण

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत पहिल्याच वर्षी सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम, सामन्यात सुरुवातीपासून उतरलेला क्वार्टरबॅक २०२४ च्या हंगामापर्यंत एकही झाला नाही. १९९९ पासून सहा नवखे एक पायरी अलीकडे, म्हणजे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले: शॉन किंग, बेन रॉथलिसबर्गर, जो फ्लॅको, मार्क सँचेझ, ब्रॉक पर्डी आणि जेडन डॅनियल्स. सहाही जण तिथे हरले. एवढी एकसारखी फळे दिसली की कारण मनात शोधण्याचा मोह होतो. पोरगा दबला, हात कापले, मोठ्या सामन्याचे ओझे पेलले नाही, असे समालोचक सहज म्हणून जातात. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, कारण ते खोटे ठरवता येत नाही. हरला तर दबला, जिंकला तर निधड्या छातीचा.

दडपण हा शब्द ठेवायचा असेल तर ते मैदानावर नेमके कुठे पडते ते आधी पाहायला हवे. एक चाल संपली की पुढची सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये येतो, पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. पुढचे सगळे त्याचे एकट्याचे. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत, त्यांतला कोण धावून अंगावर येणार, कोण मागे सरकणार, हे त्याने ओळखायचे, गरज पडल्यास चाल बदलायची आणि ते शेजारच्या दहा जणांपर्यंत पोहोचवायचे. चेंडू हातात आल्यावर तो सोडायला जेमतेम अडीच-तीन सेकंद. बचावफळीचे सारे कौशल्य इथेच लागते: आधी एक मांडणी दाखवायची आणि चेंडू हलताच दुसरी खेळायची. अनुभवी माणूस हा बनाव पूर्वी पाहिलेल्या बनावांशी ताडून पाहतो. नवख्याकडे ताडायला साठाच नसतो. म्हणून त्याच्या बाबतीत दडपण म्हणजे मुख्यतः वेळेची आणि माहितीची टंचाई. छातीतली धडधड त्यात असेलही, पण ती नंतरची गोष्ट.

ही टंचाई साखळी सामन्यांतही असते, मग तिथे तो जिंकतो कसा? कारण संघ त्याच्याभोवती एक कुंपण उभे करतो. चेंडू घेऊन धावण्यावर भर, आखूड पास, अर्धेच मैदान वाचावे लागेल अशा चाली आणि गुणसंख्या खाली ठेवणारी भक्कम बचावफळी. न्यूयॉर्क जेट्सचा २००९ चा संघ हा या कुंपणाचा नमुना. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत चांगला बचाव त्यांचा आणि धावून मिळवलेले यार्डही सर्वाधिक त्यांचेच. सँचेझने मात्र साखळीत १२ टचडाउन पास दिले आणि २० वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती घातला. शेवटी प्रशिक्षकांनी त्याच्यासाठी वाहतुकीच्या सिग्नलसारखी रंगांची खूण ठरवली. लाल म्हणजे अजिबात धोका नको, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे बिनधास्त खेळ. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पाचव्या क्रमांकावर घेतलेल्या, कोट्यवधी डॉलरच्या खेळाडूला रंगांनी हाकावे लागते यावर हसू येते खरे, पण ती युक्ती शहाणपणाची होती. निर्णयांची संख्या कमी केली की चुकांची संख्याही कमी होते.

त्याच सँचेझने बाद फेरीत सिनसिनाटी आणि सॅन डिएगो अशा दोन ठिकाणी परक्या मैदानावर विजय मिळवले. सॅन डिएगोत त्याने २३ पैकी १२ पास पूर्ण केले आणि मिळवले फक्त १०० यार्ड. जेट्स १७-१४ ने जिंकले, त्यात सॅन डिएगोचा किकर नेट केडिंग याचे तीन फील्ड गोल हुकले होते. आदल्या वर्षीचा फ्लॅको पाहा. मायामीत २३ पैकी ९ पास, १३५ यार्ड, आणि बाल्टिमोर २७-९ ने विजयी, कारण त्यांच्या बचावफळीने पाच वेळा चेंडू हिसकावला होता. पहिल्याच वर्षी बाद फेरीत दोन विजय मिळवणारा पहिला क्वार्टरबॅक हाच. मनोधैर्याची फूटपट्टी लावायची तर हे सामने जिंकणारे खंबीर आणि त्यांचे आकडे मात्र दुबळे, असे विचित्र चित्र निघते. फूटपट्टीच चुकीची आहे.

उलट बाजूचा पुरावा तर आणखी बोलका आहे. जानेवारी २०१३ मध्ये सिएटलचा रसेल विल्सन अटलांटात मध्यंतराला ०-२० ने मागे होता. उत्तरार्धात त्याने संघाला २८-२७ अशी आघाडी मिळवून दिली तेव्हा ३१ सेकंद उरले होते. ३८५ यार्ड फेकून तो हरला, कारण तेवढ्या वेळातही अटलांटाने फील्ड गोलचे अंतर गाठले. चार वर्षांनी डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटने ग्रीन बेविरुद्ध ३-२१ अशा पिछाडीवरून बरोबरी साधली. त्याचे ३०२ यार्ड आणि तीन टचडाउन पास होते, आणि सामना गेला ग्रीन बेचा किकर मेसन क्रॉस्बी याच्या शेवटच्या ५१ यार्डांच्या किकमुळे. या दोघांना दडपण आले नाही असे कोण म्हणेल? ते आले आणि त्यांनी ते पेललेही. निकालाच्या रकान्यात मात्र दोघांच्या नावापुढे पराभवच आहे.

मग बाद फेरीत वेगळे काय घडते? माझ्या मते कुंपण पद्धतशीरपणे उचकटले जाते. बाद फेरीतला प्रतिस्पर्धी बहुधा तुमच्याशी त्याच हंगामात एकदा खेळलेला असतो किंवा तुमच्या सगळ्या सामन्यांच्या चित्रफिती त्याने पाहिलेल्या असतात. नवख्याच्या चाली मुळात मोजक्या, त्यामुळे कमी वेळात पाठ होतात.

बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनचा २०१८ चा पहिला हंगाम या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. २२ डिसेंबरला बाल्टिमोरने चार्जर्स या संघाला त्यांच्याच मैदानावर २२-१० ने हरवले. जॅक्सनच्या धावण्याच्या धाकाने समोरची फळी क्षणभर थबकायची आणि तेवढ्यात कुणीतरी निसटायचा. पंधरा दिवसांनी, ६ जानेवारीला, तेच दोन संघ बाल्टिमोरमध्ये पुन्हा भेटले. चार्जर्सनी आपले जड लाइनबॅकर जवळजवळ पूर्णपणे बाहेर बसवले आणि एरवी मागे उभे राहून पास अडवणारे सात चपळ बचावपटू एकाच वेळी मैदानात उतरवले. धावण्याचा खेळ रोखायला हलकी माणसे आणायची हे वरवर उफराटे वाटते. पण जॅक्सनला पकडण्यासाठी वजनापेक्षा वेग लागतो, हे त्यांनी पहिल्या सामन्यातून उचलले होते. थबकणे बंद झाले. सात वेळा जॅक्सन चेंडूसह जमिनीवर आडवा झाला. चौथ्या सत्रात गुणफलक ३-२३ होता, प्रेक्षक हुर्यो उडवत होते, आणि बाकावर राखीव म्हणून बसला होता तोच जो फ्लॅको. शेवटी जॅक्सनने दोन टचडाउन पास देऊन अंतर १७-२३ पर्यंत आणले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला त्याला एक दिवस बाकी होता. बाद फेरीत सुरुवातीपासून उतरलेला तो तोवरचा सर्वांत तरुण क्वार्टरबॅक. वयावर बोट ठेवणे सोपे होते आणि ते ठेवलेही गेले. पण सात बचावपटूंच्या मांडणीवर पंधरा दिवसांत उत्तर शोधण्याचे काम प्रशिक्षकवर्गाचे होते, आणि ते उत्तर त्या दिवशी कुणाकडेच नव्हते.

पिट्सबर्गच्या रॉथलिसबर्गरचीही अशीच फेरभेट झाली होती. ३१ ऑक्टोबर २००४ रोजी पिट्सबर्गने न्यू इंग्लंडची सलग २१ विजयांची मालिका ३४-२० ने तोडली. साखळीत रॉथलिसबर्गर ज्या तेरा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला ते तेराही संघाने जिंकले. जानेवारीत प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचा तोच न्यू इंग्लंड संघ परत आला आणि रॉथलिसबर्गरचा पहिलाच पास यूजीन विल्सनने पकडला. मध्यंतराच्या जरा आधी रॉडनी हॅरिसनने आणखी एक पकडून ८७ यार्ड धावत टचडाउन केला. मध्यंतर २४-३, निकाल ४१-२७.

इथे दुसरे कारणही दिसते: पिछाडी. कुंपणाचा मोठा भाग चेंडू घेऊन धावण्याचा, आणि धावण्यात घड्याळ खर्च होते. दोन-तीन टचडाउनने मागे पडलेल्या संघाला ती चैन परवडत नाही. मग नवख्याला नेमके तेच करावे लागते ज्यापासून त्याला चार महिने दूर ठेवलेले असते, आणि समोरच्यालाही पास येणार हे ठाऊक असते. इंडियानापोलिसच्या अँड्र्यू लकला बाल्टिमोरमध्ये ५४ पास फेकावे लागले, हाती आले ९ गुण. डॅनियल्सच्या वॉशिंग्टनने २०२४ च्या हंगामात टँपा आणि डेट्रॉइट दोन्ही ठिकाणी जिंकून दाखवले. डेट्रॉइटमध्ये यजमानांनी पाच वेळा चेंडू गमावला आणि वॉशिंग्टनने एकदाही नाही. फिलाडेल्फियात हेच उलटले. चार वेळा चेंडू हातचा गेला, डॅनियल्सला ४८ पास फेकावे लागले आणि निकाल लागला ५५-२३.

प्रेक्षकांच्या आवाजाचा भाग थोडक्यात सांगता येतो. परक्या मैदानावर क्वार्टरबॅकची हाक शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही, मग मूक इशाऱ्यांवर चेंडू हलवावा लागतो आणि बचावपटूंना आधी हलण्याची संधी मिळते. ह्यूस्टनच्या सी. जे. स्ट्राउडने घरच्या मैदानावर क्लीव्हलँडला ४५-१४ ने लोळवले. पुढच्याच आठवड्यात बाल्टिमोरमध्ये त्याच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नाही. आठवड्यात माणसाचे मन एवढे बदलत नसते.

अनुभवाचा मुद्दा मी पूर्णपणे खोडत नाही, पण तो वाटतो तितका सरळ नाही. डेन्व्हरचा बो निक्स विद्यापीठीय फुटबॉलमध्ये ६१ सामने सुरुवातीपासून खेळून आला होता, हा तेव्हा विक्रम होता. जानेवारी २०२५ मध्ये बफलोत त्याने पहिल्याच आक्रमणात ४३ यार्डांचा टचडाउन पास दिला. त्यानंतर डेन्व्हरला एकही गुण नाही, निकाल ७-३१. सुरुवातीच्या चाली आधीच लिहून ठेवण्याची प्रथा प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी रूढ केली. लिहिलेले असते तोवर नवखा आणि अनुभवी यांत फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो कागद संपल्यावर.

कुंपण अजिबातच नसेल तर काय होते, हे ओकलंडच्या कॉनर कुकने दाखवले. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक डेरेक कार याचा पाय २०१६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मोडला, दुसरा क्वार्टरबॅकही जायबंदी झाला, आणि कुकला व्यावसायिक कारकिर्दीत सुरुवातीपासून पहिल्यांदा उतरावे लागले ते थेट बाद फेरीत. ४५ पैकी १८ पास पूर्ण, तीन प्रतिस्पर्ध्याच्या हाती. त्याच्या काळजाबद्दल यातून काहीही सिद्ध होत नाही. पर्डीच्या पराभवाचेही तेच. ड्राफ्टमध्ये सर्वांत शेवटी, २६२ वा निवडलेला हा मुलगा बाद फेरीत दोन सामने जिंकून फिलाडेल्फियात आला आणि पहिल्याच आक्रमणात त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटला. पुढे राखीवही जखमी झाल्यावर त्याला परत उभे केले, तेव्हा त्याला चेंडू लांब फेकताच येत नव्हता. हा सामना नवख्यांच्या पराभवांच्या यादीत मोजणे हीच मुळात गफलत आहे.

तरीही संघ नवख्यांना इतक्या लवकर का उतरवतात? २०११ च्या कामगार करारानंतर ड्राफ्टमधल्या खेळाडूंचे पहिल्या चार वर्षांचे वेतन बांधून टाकले गेले. क्वार्टरबॅक स्वस्त असतो त्या वर्षांत उरलेल्या पैशातून बाकीचा संघ बळकट करता येतो, म्हणजे कुंपण विकत घेता येते. ॲरन रॉजर्स २००५ ते २००७ अशी तीन वर्षे ब्रेट फार्वच्या मागे बसला. आज ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाला एवढे बसवणे मालकाला सहसा परवडत नाही.

रॉथलिसबर्गर दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, सुपर बोल जिंकला. एका वर्षाच्या अनुभवाने माणूस कसा पक्का होतो, याचे उदाहरण म्हणून हा सामना नेहमी दिला जातो. त्या दिवशीचे त्याचे आकडे असे: २१ पैकी ९ पास, १२३ यार्ड, दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती. विली पार्कर एकाच चालीत ७५ यार्ड धावला, बचावफळीने सिएटलला दहा गुणांवर रोखले आणि पिट्सबर्गचा त्या सामन्यातला एकमेव टचडाउन पास फेकला तो अँटवान रँडल एल या रिसीव्हरने.