पुरेशी इंग्रजी म्हणजे किती शब्द?

इंग्रजी शिकायला आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो : "सर, काम भागेल एवढी इंग्रजी यायला किती शब्द पाठ करावे लागतील?" प्रश्न साधा वाटतो. पण विसाव्या शतकात दोन इंग्रज माणसांनी त्याला दोन वेगळी उत्तरं दिली, आणि 'शब्द येणं म्हणजे काय' याबद्दलच त्यांचं एकमत नव्हतं. आज त्या मतभेदाविषयी बोलू.

पहिला माणूस केंब्रिजचा सी. के. ऑग्डेन. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असतं. विट्गेनश्टाइनचा 'ट्रॅक्टेटस' १९२२ मध्ये इंग्रजीत आला तो ऑग्डेनच्या नावावर. पुढच्याच वर्षी आय. ए. रिचर्ड्स यांच्याबरोबर त्यानं 'द मीनिंग ऑफ मीनिंग' प्रसिद्ध केलं. त्या कामात शब्दांच्या व्याख्या करताना लक्षात आलं की तेच ते थोडे शब्द पुन्हापुन्हा उपयोगी पडतात. त्यातून १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' जन्माला आलं. एकूण ८५० शब्द : ६०० नावं, १५० गुणवाचक, आणि वाक्य चालवणारे १००. अख्खी यादी एका कागदावर मावे! आणि क्रियापदं किती? फक्त १८.

एवढी कमी का? याचं उत्तर जेरेमी बेंथमकडे सापडतं. क्रियापद हातातून निसटतं, नाम मात्र धरून ठेवता येतं, असं बेंथमचं मत होतं. ऑग्डेन त्याचा मोठा अभ्यासक. म्हणून बेसिकमध्ये 'आस्क' नाही, 'पुट अ क्वेश्चन' म्हणायचं. 'एंटर' नाही, 'गो इन' म्हणायचं. व्याकरणाचं ओझंही त्यामुळे हलकं होतं, कारण रूपं चालवायची ती अठराच क्रियापदांची.

आता यातली अडचण पाहा. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तिन्ही शब्द यादीत आहेत. पण 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे त्या तीन शब्दांच्या अर्थांवरून कुणाला कळणार? मोजताना नवा शब्द शून्य. शिकताना मात्र नवी गोष्ट एक. आपल्याच मराठीत बघा ना. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेळ लागतो, आणि एखाद्याचं बोलणंही मनाला लागतं. परक्या माणसाला 'लागणे हा एकच शब्द आहे, तेवढा शिका' असं सांगितलं, तर आपण त्याची फसवणूक करतो. यादी आखूड दिसते ती भाषा आधीच येणाऱ्याला.

दुसरा माणूस मायकेल वेस्ट. तो ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगालमधल्या शाळांत त्यानं काय पाहिलं? बहुतेक मुलं अभ्यासक्रम संपायच्या आतच शाळा सोडतात. मग दहा वर्षांनी फळ देणारं इंग्रजी त्यांच्या काय कामाचं? १९२६ च्या आपल्या ग्रंथात त्यानं विम्याच्या व्यवहारातला शब्द उचलला : 'सरेंडर व्हॅल्यू'. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात किती पडतं, तसं शिक्षण मध्येच सुटलं तर मुलाजवळ काय उरतं? त्याचं उत्तर होतं, आधी वाचन. कारण वाचता येणारं मूल शाळेबाहेरही स्वतःच्या बळावर पुढे जाऊ शकतं.

बेसिकवर वेस्टनं १९३० च्या दशकातच कडक टीका केली. १९५३ मध्ये त्याची स्वतःची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली, सुमारे २,००० शब्दांची. तिच्यातली खरी गोष्ट मात्र हा आकडा नाही. प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा वापरला जातो, याचं प्रमाण तिच्यात दिलं आहे. म्हणजे मोजायचं एकक शब्द नव्हे, अर्थ!

बेसिकचं पुढं काय झालं? सप्टेंबर १९४३ मध्ये हार्वर्डच्या भाषणात चर्चिल यांनी त्याची तरफदारी केली. पुढे ब्रिटिश सरकारनं ऑग्डेनकडून हक्क घेतले, २३,००० पौंडांना. बेंथमला त्याच्या आदर्श तुरुंगाच्या योजनेबद्दल मिळालेली भरपाईही एवढीच होती, आणि हा आकडा त्यावरूनच ठरवला गेला. राजाश्रय मिळाला, पण बेसिक जगाची भाषा काही झालं नाही.

तरी ऑग्डेनला कमी लेखू नये. परभाषा शिकणाऱ्याला सगळा शब्दकोश पेलायची गरज नाही, हे त्यानं धीटपणे सांगितलं. फरक एवढाच, की 'पुरेसं' किती हे तो भाषेकडे बघून ठरवत होता, वेस्ट शिकणाऱ्या मुलाकडे बघून. आणि पुरेसं ठरवण्याचा हा अधिकार लहान नाही. यादी करणारा माणूस दुसऱ्यानं काय बोलावं, काय वाचावं, याचीही सीमा आखत असतो.

आज 'हजार शब्दांत इंग्रजी' अशी यादी तुमच्या हाती आली, तर दोन प्रश्न जरूर विचारा. यातल्या प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ मला शिकवला जातोय? आणि उद्या शिकणं थांबलं, तर आजवर शिकलेल्यावर मला काय करता येईल?