हातात घेतलेला इतिहास

चुलीवर काही असेल तर जाळ जरा मागं ओढा आणि दहा मिनिटं माझ्याजवळ बसा. गेल्या खेपेला आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज हिशेबाची वही बाजूला. आज बोलायचंय माळ्यावर, परड्यात, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असलेल्या जुन्या वस्तूंबद्दल. आणि आपल्या शाळेतल्या पोरांना त्या हातात का द्यायच्या, याबद्दल.

मी चौथीत असताना आमची सहल एका संग्रहालयात गेली होती. दारातच बाईंनी सांगितलं, हाताची घडी घाला. आत जिकडं तिकडं एकच पाटी : ‘हात लावू नका’. एका ठिकाणी छताला पितळेचा लामणदिवा टांगलेला होता. त्याची साखळी खाली माझ्या डोळ्यांपर्यंत आली होती. मला राहवलं नाही, मी बोट लावलं. रखवालदार ओरडला. बाईंनी दंडाला धरून मला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. त्या सहलीतलं आज मला काय आठवतं? दिवा कुणाचा होता, किती जुना होता, काही आठवत नाही. साखळी गार होती, एवढं मात्र आठवतं. बोटाला कळलं तेवढंच डोक्यात राहिलं.

आपल्या देशात संग्रहालयं आली ती इंग्रजांच्या काळात. कलकत्त्याचं १८१४ साली सुरू झालं. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत १८७२ साली एक उघडलं, त्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. लोक असल्या जागांना अजबघर म्हणायचे, जादूघर म्हणायचे. नावातच सगळं आलं. अजब वस्तू काचेत, माणूस काचेबाहेर. बघायचं, तोंडात बोट घालायचं आणि पुढं सरकायचं. लहान मुलांचा वेगळा विचार त्यात कुठं नव्हता.

तो विचार पहिल्यांदा झाला अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात. तिथं १८९९ साली खास मुलांसाठी संग्रहालय निघालं. जगातलं हे असलं पहिलं. तीन वर्षांनी तिथं अ‍ॅना बिलिंग्ज गॅलप नावाच्या बाई कामाला लागल्या, आणि पुढं १९३७ सालापर्यंत त्यांनी ते संग्रहालय वाढवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इथं आलेल्या पोराला वाटलं पाहिजे की हे सगळं माझ्यासाठी आहे. म्हणून तिथं मुलं दगड, शिंपले हातात घ्यायची, निरखायची, प्रश्न विचारायची.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आम्हाला काय सांगतेस? मग आपल्या मातीतलं सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुम्ही अंगणवाडीत ऐकली असतील. ताराबाई आधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. १९४५ साली त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये बहरलं. लहान मूल हातांनी शिकतं हे माँटेसरीबाईंनी जगाला दाखवलं होतं, पण त्यांची साधनं महाग. आदिवासी पाड्यावर ती आणायची कुठून? मग ताराबाई-अनुताईंनी बिया, पानं, खडे, शिंपले गोळा केले आणि त्यांवर मुलांना शिकवलं. मूल बालवाडीत येत नाही म्हटल्यावर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. संग्रहालय नव्हतं ते. पण संग्रहालयं पुढं जे शिकली, ते या दोघी अंगणात बसून करत होत्या.

हळूहळू मोठ्या संस्थाही दार उघडू लागल्या. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयानं १९६५ साली विज्ञानाची उपकरणं गाडीत घालून गावोगावच्या शाळांकडं पाठवली. दिल्लीत १९७८ साली निसर्ग-इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, त्यात मुलांनी वस्तू हाताळाव्यात म्हणून वेगळी खोलीच ठेवली होती. २०१६ साली त्या संग्रहालयाला आग लागली आणि सगळं जळून गेलं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५ पासून आपली बस शाळांच्या आणि गावांच्या दारात नेतं. २०१९ साली त्यांनी आवारातच मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं.

आता पुण्याची गोष्ट. दिनकर केळकर हे कवी, ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीनं होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं हे संग्रहालय उभं राहिलं, राजा दिनकर केळकर संग्रहालय. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. त्यात राजेरजवाड्यांचं आहेच, पण दिवे आहेत, अडकित्ते आहेत, पाय घासायच्या वजऱ्या आहेत, फण्या, करंडे, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. बाईच्या हाताखालच्या वस्तू म्हणजे इतिहास, हे या माणसानं फार आधी ओळखलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्हा परिषद शाळेची तिसरी-चौथीची पोरं तिथं गेली. मदतीला म्हणून मी बरोबर होते. पोरं काचेला नाकं लावून बघत होती. एक मुलगी वजरीपुढं थांबली आणि मला म्हणाली, “ताई, ही आमच्या आजीकडं पण आहे. मग ती काचेत का नाही?”

मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या वाटेवर एसटीत तोच प्रश्न डोक्यात होता. गटाच्या पुढच्या बैठकीत मी तो मांडला. हो-ना करता करता ठरलं की एका शनिवारी प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू शाळेत आणायची, आणि पोरांच्या हातात द्यायची.

त्या शनिवारी शाळेचा व्हरांडा भरला. जातं आलं, पाटा-वरवंटा आला, ताक घुसळायची रवी आली, कंदील आला. कुणाच्या डब्यातून १९४३ नंतरचा भोकाचा पैसा निघाला. लढाईच्या दिवसांत तांब्याची टंचाई होती म्हणून मधोमध भोक. पोरांनी त्यातून सुतळी ओवून बघितली. रुपयात तेव्हा सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, शंभर पैसे झाले ते १ एप्रिल १९५७ पासून, हे गुरुजींनी तिथंच सांगितलं.

मग मापं आली. चिपटं, मापटं, शेर, पायली. किलो-लिटरचा कायदा १९५६ साली झाला, त्याआधी गावातलं धान्य यांवरच मोजलं जायचं. पोरांनी ज्वारी ओतून स्वतः मोजलं : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. एक पोरगा अपूर्णांकात नेहमी अडतो, त्यानं बोटं मोडत सांगितलं, “म्हणजे पायलीत सोळा चिपटी!” गुरुजी माझ्याकडं बघतच राहिले.

जातं आणलं होतं गटातल्या एका आजींनी. वय पंच्याहत्तरच्या पुढं. गटाच्या रजिस्टरवर अजून अंगठा उठवतात. बैठकीत कधी बोलत नाहीत, मागं भिंतीला टेकून बसतात. त्यांचं जातं त्याच आठवड्यात विकायचं चाललं होतं. हायवेवरच्या एका ढाब्याला दारात शोभेला ठेवायला हवं होतं, सुनेनं सौदा जवळजवळ पक्का केला होता.

पोरांनी खुंटा धरला तर जातं हलेना. आजी खाली बसल्या, एक पाय पसरला, मूठभर ज्वारी घातली आणि म्हणाल्या, “जोर नको लावू लेकरा, वळण धर.” दोघं-दोघं बसून दळू लागले. पीठ पडलं तेव्हा केवढा गलका झाला! मग आजींनी ओव्या म्हटल्या. आधी हळू, मग मोकळ्या गळ्यानं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगावच्या बायांकडून गोळा केल्यात. माझ्या आजींच्या ओव्या त्यात आहेत की नाहीत, देव जाणे. पोरांनी त्यांना तासभर उठू दिलं नाही. एकीनं विचारलं, “आजी, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?” आजी म्हणाल्या, “मी शाळेत आजच आले.”

सगळं गोडच झालं असं नाही. एका पोराच्या हातून कंदिलाची काच फुटली. तो कंदील जिचा, ती बाई वहिनी लागते माझी. सासऱ्यांची आठवण होती ती. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिचं बरोबरच होतं. केळकर संग्रहालयातली काच कशासाठी असते, हे मला त्या दिवशी कळलं. तुटलं की गेलं, अशा वस्तू जपायलाच हव्यात. म्हणून आता आम्ही दोन चटया टाकतो. एका चटईवरच्या वस्तू नुसत्या बघायच्या, दुसरीवरच्या हातात घ्यायच्या. कुठली वस्तू कुठं ठेवायची हे जिची तिनं ठरवायचं.

तुमच्या गावात करायचं असेल तर फार काही लागत नाही. शाळेच्या गुरुजींशी, बाईंशी आधी बोला. दहा-बारा वस्तू पुरेत. प्रत्येक वस्तूशी ती वापरलेली एक बाई बसवा, कारण वस्तू स्वतःहून बोलत नाही. अडकित्ता, विळी यांपाशी मोठं माणूस हवंच. वस्तू कुणाची, कुठून आली, कशाला वापरायचे, हे शिकलेल्या पोरींना वहीत लिहून घ्यायला सांगा. ती वही शाळेत राहू द्या.

आणि आजींचं जातं? ढाबेवाला पुन्हा आला होता. सुनेनं सासूकडं बघितलं. आजी म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी पोरं यायचीत.” जातं अजून परड्यातच आहे. पैशाची नड त्या घराला आहे, तेव्हा ते कायम राहील असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण आहे तोवर त्यावर चिमुकले हात फिरताहेत.

तुमच्या माळ्यावर काय आहे, ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी त्यातल्याच एखाद्या वस्तूवर बोलू. येते मी. नमस्कार.