डुकराचा वाटा

दोस्तहो, इतिहास म्हटलं की आपल्याला तळं, सत्याग्रह, मोर्चा आठवतो. आज मी चुलीवरचा इतिहास सांगणार आहे. कुणाला किळस आली तर येऊ द्या. त्या किळसेचाच हा इतिहास आहे.

आम्ही मराठवाड्यातले मांग. बाप गेला तशी मायला मी इकडं वेवजीला घेऊन आलो. वेवजी म्हणजे तलासरी तालुक्यातलं पार हद्दीवरचं गाव. इथून पाऊल टाकलं की गुजरातचं सोळसुंबा, पुढं उंबरगावचे कारखाने. त्यातल्याच एकात मी मशीनवर आहे. 1960 साली मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यातूनच रेघ मारली गेली. उंबरगाव तिकडं गेलं, वेवजी इकडं राहिलं. आमचे शेजारी वारली. याच भागात 1945 साली वारल्यांनी जमीनदारांची वेठ झुगारून दिली होती. पोटाची भाषा त्यांना समजते. म्हणून मायचं इथं जमलं.

महिन्याभरात मायला चक्कर आली. तपासलं तर साखर. एका दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "काय खाता?" माय साधी. बोलून गेली, "भाकर, भात, आन कधीमधी डुकराचं." डॉक्टरचा पेन थांबला. नर्सकडं बघून तो हसला. म्हणाला, "ते घाण खाणं पहिलं बंद करा." दिवसाला साखरेचा चहा किती वेळा, ताटात भात किती, यातलं काही विचारलं नाही. माय मान खाली घालून बाहेर आली. ती मान मी ओळखतो. पाटलाच्या वाड्यापुढं ती तशीच खाली असायची.

त्या रात्री मी ठरवलं, डुकराची चौकशी करायची. तेही बाबासाहेबांच्या रीतीनं. आधी पुरावा, मग निकाल.

आमच्या मांगवाड्यात डुक्कर रोज शिजत नव्हतं. सणाला, नाहीतर कुणाची सोयरीक जुळली तर. वडाराकडून, कैकाड्याकडून डुक्कर आणायचं, कापायचं आणि वाटे घालायचे. वाटा घालणारा माणूस पारखून घ्यायचे. हात सच्चा पाहिजे. प्रत्येक वाट्यात मांस, हाड, काळीज आणि चरबी सारखी आली पाहिजे. भांडण व्हायचं ते चरबीवरून. मांसावरून नाही. कारण तेल घेणं कुणाला परवडत होतं? चरबी कढवून गाडग्यात ठेवायची आणि महिनाभर कोरड्यासाला उलीउली घालायची. रश्श्यावर बोटभर तवंग आला तर तो श्रीमंतीचा दिवस. दोर वळायचा, लाकडं फोडायची, दहा कोस वाजवत जायचं; त्या अंगाला ती चरबी पुरतसुद्धा नव्हती.

आता आपल्या घरातली गोष्ट. पलीकडच्या महारवाड्यातले काहीजण आम्हाला "डुक्करखाऊ" म्हणायचे. त्यांना गाव "ढोरं ओढणारे" म्हणायचं. बाबासाहेबांनी चढत्या-उतरत्या भाजणीची विषमता सांगितली, ती अशी ताटातसुद्धा असते. प्रत्येकाला खाली बघायला एक ताट लागतं. चळवळीतल्या पोरांनी हे लपवू नये.

19 आणि 20 मार्च 1927 ला महाडला परिषद भरली. बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा. लोकांनी सोडलं. उपाशी राहून सोडलं. पण काय सोडा म्हणाले ते नीट बघा. मेलेलं जनावर ओढायचं आणि त्याबदल्यात ते खायचं, ही गुलामीची मजुरी होती. ती सोडायची होती. मांस पाप आहे असं ते म्हणाले नाहीत. 1948 साली अस्पृश्यांच्या उगमावर पुस्तक लिहिलं त्यात त्यांनी उलटी तपासणी केली, की आहारावरून माणूस अस्पृश्य ठरवला कुणी आणि कशासाठी. आमच्यातल्या काहींनी मात्र पुढं सोपा अर्थ काढला. वरच्यांना जे ओंगळ वाटतं ते सगळं लपवायचं. डुक्कर खायचं, पण खिडकी लावून.

आपण बौद्ध. मग हेही वाचा. महापरिनिब्बान सुत्तात पावा गावच्या चुंदाचं जेवण येतं. चुंद जातीनं कम्मार, म्हणजे लोहार. त्यानं भगवंतांना वाढलेल्या पदार्थाचं नाव सूकरमद्दव. अट्ठकथेत त्याचा एक अर्थ डुकराचं मऊ मांस असा दिलाय. काहीजण त्याला अळंबी म्हणतात. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या पुस्तकात मांसाचा अर्थ मांडला तेव्हा लोक चिडले. वाद विद्वानांना करू द्या. आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. त्या जेवणानंतर भगवंत आजारी पडले, पण चुंदाला कुणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी मुद्दाम निरोप ठेवला. रांधणाऱ्याची मान खाली जाऊ दिली नाही. माझ्या मायला त्या दिवशी एवढंच पाहिजे होतं.

आणि आता सगळ्यात मोठा पुरावा. 1921 साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातलं इन्सुलिन शोधलं. जानेवारी 1922 मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या पोराला टोचलं. नंतर कारखान्यात ते बनू लागलं. कशापासून? कत्तलखान्यातल्या डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडापासून. आठ औंस शुद्ध इन्सुलिनला दोन टनांहून जास्त स्वादुपिंडं लागत. माणसाच्या इन्सुलिनमध्ये 51 दुवे असतात. डुकराच्या इन्सुलिनचा त्यातला फक्त एक वेगळा. गुराचे तीन वेगळे. जंतूंकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं आणि ते बाजारात आलं ते 1982 नंतर. म्हणजे साठ वर्षं साखरेच्या रोग्याला जगवलं डुकरानं आणि गुरानं. त्यात राजे होते, शेटजी होते, भटजी होते. सुई टोचून घेताना सोवळं कुणी विचारलं नाही.

बाबासाहेबांनाही हाच आजार होता. 1948 साली माईसाहेब आल्या. त्या स्वतः डॉक्टर. पथ्य, औषध सगळं त्या बघायच्या. तरी या आजारानं त्यांचे पाय, डोळे थकवलेच. आपण जयंतीला पेढे वाटतो. हे लक्षात ठेवून वाटावेत.

पण उपाशी जातीला साखर का व्हावी? हा श्रीमंतांचा रोग ना? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून आसपासच्या सहा गावांतल्या बाया आणि त्यांची बाळं तपासली. बाळ सरासरी 2.7 किलोचं. इंग्लंडातलं बाळ 3.5 किलोचं. आपलं बाळ हडकुळं, मांस कमी, पण चरबी त्या मानानं टिकवून ठेवलेली. आईच्या पोटात उपाशी वाढलेलं अंग पुढं पोटभर भात-साखर आली की रोगाकडं झुकतं. माझ्या मायनं 1972 चा दुष्काळ खडी फोडून काढला. सुकडी खाल्ली, मिलोची लाल भाकर खाल्ली. मग ज्वारी ताटातून गेली, रेशनचा पांढरा तांदूळ आला, कष्ट कमी झाले, चहा वाढला. 2023 साली आयसीएमआरच्या पाहणीत देशात साखरेचे 10 कोटी 10 लाख रोगी निघाले. त्यात आपले किती, हे कुणी वेगळं मोजत नाही.

डॉक्टरचं अर्धं खरं होतं. चरबी वाईटच. साखरेच्या माणसाचं हृदय आधीच धोक्यात असतं. पण सगळं डुक्कर म्हणजे चरबी नव्हे. पोटाकडच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात पन्नास ग्रॅमच्या वर चरबी असते. पाठीच्या कण्यालगतच्या मऊ मांसात शंभराला तीन-चार ग्रॅम, आणि प्रथिनं वीसच्या वर. मांसात साखर चढवणारा पिठूळपणा नसतो. तो भातात असतो.

म्हणून मी आता असं करतो. सुट्टीला उंबरगाव रोडहून गाडीनं वसईकडं उतरतो. तिथं ख्रिस्ती लोक डुकराचं मांस सणाला मानानं रांधतात, दुकानात उघड मिळतं. कण्यालगतचं नाहीतर मागच्या मांडीचं अर्धा किलो घेतो. कातडं आणि पांढरी चरबी सुरीनं सगळी काढतो. आलं, लसूण, हळद लावून भरपूर पाण्यात शिजवतो. आत गुलाबी उरता कामा नये. कच्च्या डुकरातून पट्टकृमी होतो. उकिरड्यावर फिरणारं डुक्कर घेत नाही. ते घाण खातं कारण नगरपालिका आपल्या वस्तीला संडास देत नाही. तो गुन्हा डुकराचा नाही.

शिजलं की रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो. सकाळी वर मेणासारखा थर येतो. तो चमच्यानं काढून टाकतो. मग दोन चमचे तेलात कांदा, चमचाभर येसूर, भरपूर अंबाडी. मीठ बेतानं. ताटात अर्धी भाजी, हाताच्या तळव्याएवढं मांस, नागलीची एक भाकर. नागलीनंही साखर चढते, म्हणून एकच. हे आठवड्यातून एकदा, बाकी दिवस डाळ, मासळी. गोळी चुकवायची नाही. ज्याची मूत्रपिंडं बिघडलीत त्यानं मांस किती खावं हे डॉक्टरला विचारूनच.

पहिल्यांदा तो थर मी टाकायला निघालो तेव्हा मायनं माझा हात धरला. "एवढी चरबी टाकतोस, बाबा? तुझ्या बापाच्या वाट्याला एवढी कधी आली नाही." मला बोलायला सुचेना. ज्या तवंगासाठी बापजाद्यांनी भांडणं केली तोच मी मातीत ओतत होतो. शेजारची वारली मावशी भाकर घेऊन आली होती. तीही बघत राहिली. मग मायच म्हणाली, "टाक. त्याला पाहिजे होती, मला नको."

वाटा तसाच आहे, फक्त आता चरबी सोडून घालायचा. पोरांनो, पुढच्या रविवारी आपापल्या वस्तीत म्हाताऱ्या माणसांची साखर तपासून घ्या. आणि कुणी डॉक्टर "घाण" म्हणाला, तर त्याला आधी भात किती ते विचारायला लावा.

जयभीम.