गोडसे भटजींचा ‘मी’

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आम्हीं प्रथम वाचला तो झांशीच्या राणीसाठीं. बहुतेक मराठी घरांत तो असाच वाचला जातो. इ. स. १८५८ चा वेढा, गोऱ्या फौजेनें शहरांत मांडलेली कत्तल, एवढें झालें कीं पुस्तक मिटावयाचें. परवां पुन्हां वाचतांना मात्र ग्रंथनामांतील पहिल्याच शब्दापाशीं आम्ही थबकलों.

हा ‘मी’ कोण? पेणजवळच्या वरसईचा, घरच्या कर्जानें गांजलेला एक तरुण भिक्षुक. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, या आशेनें भटजी काकांसह १८५७ सालीं उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनीं ही हकीकत लिहिली ती सुमारें पंचवीस वर्षांनीं. इतक्या काळांत ती त्यांनीं कितीदां तरी घरच्यांस ऐकविली असेल. आणि सांगतां सांगतां गोष्टच नव्हे, तर सांगणाराहि घडत जातो.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग पाहा. धुळीनें माखलेली, तहानलेली राणी येते. भटजी पाणी काढून देण्यास पुढें होतात. पण विद्वान ब्राह्मणाकडून अशी सेवा घेणें तिला प्रशस्त वाटत नाहीं व ती आपल्याच हातांनीं पाणी काढते. हें अक्षरशः असेंच घडलें काय, हा वाद इतिहाससंशोधकांनीं खुशाल घालावा. आम्हांस दिसतें तें निराळें. झांशीच्या लुटींत ज्यांचें द्रव्य गेलें, वाटेंतहि जे लुटले गेले, त्या भटजींना राज्य गमावलेली राणी त्या घटकेसहि ब्राह्मण म्हणून ओळखते! ही आठवण त्यांनीं जिवापाड कां जपली, हें निराळें सांगावयास नको.

घरीं परततांना धन नव्हतें. गंगेचें पाणी होतें. त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. राणीच्या शोधांत असलेला वाचक हीं पानें भराभर उलटतो. आम्हींहि तीं उलटलींच होतीं. भटजींच्या मतें मात्र प्रवास सफल झाला तो येथें.

वैद्यांनीं १९०७ सालीं ग्रंथ छापला तो भाषेवर हात फिरवून व कांहीं मजकूर गाळून. त्यांचे उपकार थोर. नाहीं तर हें बाड कोणत्या माळ्यावर कुजलें असतें कोण जाणे. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ति द. वा. पोतदार यांनीं काढली ती १९६६ सालीं. तोंपर्यंत जवळजवळ साठ वर्षें मराठी वाचक ज्या ‘मी’चें बोलणें ऐकत होता, तें वैद्यांनीं नीटनेटकें करून दिलेलें होतें.