पवनीचा कठडा आणि सुताराचा राऊटर

राऊटर म्हटले की आज डोळ्यांपुढे वायफायची पेटी येते. सुताराचा राऊटर निराळा. अतिवेगाने फिरणाऱ्या बिटाने लाकडात खाच, झिरी किंवा खोबण कोरणारे ते हातयंत्र होय. त्यातला ‘प्लंज’ प्रकार विकत घेताना जाणकार कारागीर दोन गोष्टी आधी पाहतो : यंत्र किती अलगद खाली उतरते आणि ठरवलेल्या खोलीवर किती नेमके थांबते. या दोन्ही अपेक्षा विजेच्या मोटारीपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. त्यांचा एक पुरावा भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनी येथे सापडतो.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनीला उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एक विशाल बौद्ध स्तूप उजेडात आला. सोबत दगडी कठड्याचे कोरीव अवशेष आणि ब्राह्मी लेख. मूर्ती आणि लेख यांच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविकच. पण सुताराच्या नजरेने पाहिले तर खरी गंमत कठड्याच्या जोडणीत आहे.

स्तूपाभोवतीच्या अशा कठड्याला वेदिका म्हणतात. उभे स्तंभ, त्यांच्यामध्ये आडव्या सूची आणि माथ्यावर उष्णीष. सूचीची टोके स्तंभाच्या बाजूला कोरलेल्या खोबणीत बसतात. स्तंभाच्या माथ्यावरचे कुसू उष्णीषाच्या तळाशी असलेल्या खळग्यात शिरते. दगडाला अशा जोडणीची गरज नसते. ही सुताराची कुसू-सालीची रीत आहे, लाकडी कुंपणावरून जशीच्या तशी दगडात उतरलेली. भाजे येथील चैत्याच्या दर्शनी भागात लाकडी बांधणी बसवण्यासाठी कोरलेल्या खोबणी आजही दिसतात, आणि कार्ल्याच्या चैत्यात तर छताच्या मूळ लाकडी फासळ्या टिकून आहेत. लाकूड कुजते, म्हणून सुताराचा इतिहास पुष्कळदा पाथरवटाच्या कामातच वाचावा लागतो.

आता अडचण कुठे होती ते पाहू. फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारी झिरी पाडणे तुलनेने सोपे. झिरीचा रंधा कडेवरून आत शिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. परंतु स्तंभाच्या ऐन मध्यात सुरू होऊन मध्यातच संपणाऱ्या खोबणीत रंध्याला शिरायला वाटच नसते. तेथे हत्यार वरून, सरळ उभे उतरावे लागते. कुसू सैल बसले तर चौकट डुगडुगते आणि साल गरजेपेक्षा खोल गेली तर लाकूड तेथेच दुबळे होते.

विदर्भात सुताराला वाढई असेही म्हणतात. संस्कृत ‘वर्धकी’शी या नावाचे नाते आहे. गावचा वाढई नांगर-वखराची दुरुस्ती वर्षाच्या धान्यावर करी, नव्या गाडीचा मोबदला मात्र वेगळा घेई. त्याची रीत अशी : खतावणीने दोन समांतर रेघा ओढायच्या, गिरमिटाने ओळीने भोके पाडायची, मग पटाशीने कडा सरळ करायच्या. तळ सपाट आहे की नाही हे सांगणारे यंत्र नव्हते. ते काम बोटाचे आणि सरावाचे.

युरोपात तळ सारखा करण्यासाठी एक छोटा रंधा वापरत. त्याचे एकच पाते खाली डोकावे, म्हणून इंग्रज सुतार त्याला ‘म्हातारीचा दात’ म्हणत. राऊटर हे नाव याच हत्याराकडून यंत्राकडे आले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत हातात धरायचे विजेवरचे राऊटर आले. वेग मिळाला, पण बिटाची खोली आधीच पक्की करावी लागे. फळीच्या मध्यात शिरायचे तर चालू यंत्र तिरपे करून अंदाजाने आत लोटावे लागे. ते धोक्याचे, आणि खोबणीचे तोंडही त्यात बिघडे. १९४९ च्या सुमारास जर्मनीतील एलू या कंपनीने मोटार दोन उभ्या दांड्यांवर, स्प्रिंगच्या आधाराने, वरखाली सरकेल अशी बसवली. पवनीच्या खोबणीसाठी जी सरळ उडी हवी होती, ती यंत्रात आली ती अशी.

निवडीचे सारे निकष त्या दोन दांड्यांपाशीच येऊन मिळतात. दुकानात वीज न लावता यंत्र खाली दाबून पाहावे, प्रथम दोन्ही हातांनी, मग एकाच मुठीवर जोर देऊन. एका बाजूने अडकत असेल तर बिट लाकडात तिरके शिरणार आणि खोबण तोंडाशी रुंद होणार. खोली कुलूपबंद केल्यावर मोटार केसभरही हलता कामा नये. खोली ठरवणाऱ्या दांडीला टप्पे असावेत, कारण खोल साल एका दमात कोरत नाहीत. थोडे थोडे उतरत जातात. वेग कमी-जास्त करता यावा, कारण रुंद बिट पूर्ण वेगाने फिरवणे घातक ठरते. कडेपासूनचे अंतर राखणारी पट्टी सरळ असावी; ती म्हणजे खतावणीचेच यंत्ररूप. मोटारीची ताकद जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली असते, पण ती यांच्यानंतर पाहिली तरी चालते.

बिटाबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते. काही बिटांना केवळ बाजूची धार असते, तळाची नसते. असे बिट वरून उतरवले तर ते कापत नाही, लाकूड जाळते. शिवाय झाडीपट्टीचा साग दिसायला मऊ वाटला तरी त्यात सिलिका असते आणि ती साध्या पोलादाची धार लवकर बोथट करते, म्हणून कार्बाइडच्या टोकाचे बिट परवडते.

एवढे करूनही गोल फिरणारे बिट खोबणीची टोके गोलच ठेवते. चौकोनी कुसू बसवायचे असेल तर शेवटचे चार कोपरे आजही पटाशीनेच काढावे लागतात.