लॉर्ड : व्युत्पत्ती व कुलवृत्तांत

इंग्लंडातील उमराव, न्यायासनावरील न्यायाधीश आणि प्रत्यक्ष परमेश्वर यांना लावण्यात येणारा हा शब्द आज एकसंध भासत असला, तरी मूलतः तो सामासिक आहे. प्राचीन इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव व ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. या दोहोंच्या षष्ठी तत्पुरुषातून ‘ह्लाफवेअर्ड’, त्याचा संकोच होऊन ‘ह्लाफोर्ड’, आणि पुढे आद्य हकार व मधला फकार लोपून ‘लॉर्ड’ अशी ही परंपरा आहे. अखंड मूळ रूप स्तोत्रसंहितेच्या पद्यानुवादात एकदाच, तेही कारभारी या अर्थाने, आढळते.

या समासामागील समाजस्थिती समजून घेण्यास व्याकरणापेक्षा कायद्याचे एक कलम अधिक उपकारक ठरते. केंटचा राजा एथेलबर्ट (मृत्यू ६१६) याच्या नावावर असलेले निर्बंध हे इंग्रजी भाषेतील सर्वांत जुने कायदे होत. रॉचेस्टर येथील १२ व्या शतकातील एका हस्तलिखितानेच ते आपल्यापर्यंत पोहोचविले. त्यांत, सामान्य स्वतंत्र रयतेच्या ‘ह्लाफएटा’स, म्हणजे पाव खाणाऱ्यास, जो ठार करील त्याने ६ शिलिंग भरपाई द्यावी, असा हुकूम आहे. पाव खाणारा तो आश्रित आणि पाव राखणारा तो धनी, हे नाते येथे दरबारी थाटातून नव्हे, तर साध्या कुणब्याच्या घरातून प्रकट होते. आपल्याकडील ‘पोशिंदा’ या शब्दाचा आशय त्याच्या अगदी निकटचा आहे. उमरावीचा अर्थ त्यावर मागाहून चढला.

‘लेडी’ हे याचेच सहोदर. ‘ह्लाफदिगे’ या मूळ रूपातील उत्तरपद स्वतंत्रपणे कोठेही आढळत नाही. ते बहुधा कणीक मळणारी या अर्थाचे असावे, व तसे असल्यास त्याचा धातू संस्कृत ‘दिह्’ (लिंपणे) याचा सगोत्र ठरतो. मर्सियाचा राज्यकारभार चालविणारी एथेलफ्लेड (मृत्यू ९१८) हिचा किताब राणी असा नसून ‘मर्सियनांची ह्लाफदिगे’ असाच होता.

‘लॅमस’ हा १ ऑगस्टचा नव्या धान्याचा सण त्याच ‘ह्लाफ’पासून.

स्कॉटलंडात : लेर्ड (जमीनदार). मराठीत : लाट, लाटसाहेब, जंगी लाट (सरसेनापती).